सरणाच्या पैशांची कुळकथा

रायपूरहून निघालेली नॅरोगेज लाइन अभनपूरला फुटायची. एक फाटा धमतरीकडे, दुसरा राजिमला. राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम, म्हणून अस्थी तिथे नेतात. लाकडं, कापड, संगमापर्यंतची वाट, दशगात्र, भावकीचं जेवण हा सगळा खर्च घर रडत असतानाच अंगावर येतो. त्यासाठीच छत्तीसगडच्या श्रद्धांजली योजनेत गरीब कुटुंबाला पंचायतीमार्फत 2000 रुपयांची मदत ठरली.

कर्ज न ठेवता मरता यावं, ही गरिबाची फार जुनी धडपड आहे.

रोमजवळच्या लानुवियम गावात इ.स. 136 सालचा एक शिलालेख सापडला आहे. त्यात अंत्यविधी मंडळाचे नियम कोरलेत. प्रवेशाला 100 सेस्टर्स ही रोमन नाणी आणि चांगल्या दारूचा एक रांजण, पुढे दरमहा 5 आस ही तांब्याची नाणी. सभासद मेला की विधीला 300 सेस्टर्स; त्यातले 50 चितेपाशीच वाटायचे. वीस मैलांपलीकडे कुणी वारला, तर तिघांनी तिथे जाऊन विधी उरकायचा आणि हिशेब द्यायचा. गुलामही सभासद होत. धन्याने प्रेत दिलं नाही, तर मंडळ त्याच्या प्रतिमेवर संस्कार करी. एवढी माया कोरड्या नियमावलीत क्वचितच सापडते.

गोव्यात हे काम चर्चच्या कॉन्फ्रारियांनी, म्हणजे भाविकांच्या मंडळांनी केलं. सभासदाच्या अंत्ययात्रेत बाकीचे ओपा-मुर्सा हा मंडळाचा झगा घालून चालत. इंग्लंडात 1854 पासून प्रुडेन्शियल विमा कंपनीचा माणूस आठवड्याला एक पेनी गोळा करत कामगारांच्या दारी फिरू लागला.

आपल्याकडे म्हातारी लुगड्याच्या घडीत ‘माझ्या मातीचे’ म्हणून नोटा जपते. पण घरातली शिल्लक दवाखान्याला, नातवाच्या फीला आधी जाते. टिकते ती चौघांच्या नावावरची गंगाजळी. म्हणूनच कर्मचारी राज्य विमा महामंडळाची तरतूद मोलाची: विमाधारक कामगार गेला की अंत्यविधीला 15,000 रुपयांपर्यंत मिळतात, आणि कुटुंब जवळ नसेल तर प्रत्यक्ष खर्च करणाऱ्यालाही. महाराष्ट्रात नोंदणीकृत बांधकाम कामगारासाठी त्यांच्या कल्याणकारी मंडळाने 10,000 ठेवले आहेत.

बँकेतला पैसा मात्र खातेदार गेल्यावर लगेच हाती येत नाही. तेव्हा घरातल्या थोरांनी नॉमिनीचं नाव आजच खात्याला लावावं, आणि मातीचे पैसे कुठे ठेवलेत ते एकाला तरी सांगून ठेवावं.