गाव जागेवर, कचेरी फिरतीवर

आमच्या घरातल्या तीन पिढ्या तीन जिल्ह्यांत जन्मल्या, त्याही एकाच माळवदाखाली. आबा बिदर जिल्ह्यातले, वडील उस्मानाबाद जिल्ह्यातले, मी लातूर जिल्ह्यातला. भावाच्या मुलापर्यंत येता येता तालुकाही बदलला. आम्ही जन्मानं निलंगा तालुक्याचे, तो शिरूर अनंतपाळचा. कुणी घर सोडलं नाही, कुणी रान विकलं नाही, घरणी नदी होती तिथंच आहे. कचेरी तेवढी फिरत राहिली.

आबा कोणतीही गोष्ट सांगताना साल सांगत नसत. "तवा कचेरी बिदरला व्हती" हेच त्यांचं साल. आम्ही पोरांनी त्यावरून हिशेब बसवला होता. बिदरची कचेरी म्हणजे १९५६ च्या आधीचं, उस्मानाबादची म्हणजे १९८२ पर्यंतचं, आणि लातूरची म्हणजे हल्लीचं, म्हणजे आबांच्या मते गोष्ट करण्याच्या लायकीचं नसलेलं.

बिदरच्या गोष्टी सगळ्यांत रंगायच्या. निजामाच्या राज्यात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत आणि दफ्तराची भाषा उर्दू. पणजोबांचा भाऊबंदांशी बांधाचा तंटा होता. समन्स यायचं ते उर्दूत. वाचून दाखवायला गावात एकटे मुल्लाजी. दोन्ही पक्षांचे कागद तेच वाचायचे आणि एकाचं दुसऱ्याला कधी कळू द्यायचे नाहीत. पण गंमत पुढं आहे. लांबच्या वाटेला टिकेल अशी बैलजोडी त्या वर्षी भावकीत एकच होती. मग वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीत बसून तारखेला निघाले. भाकरीची गाठोडी दोन, कडबा एक. जाताना कुणी कुणाशी बोललं नाही. येताना बोलले, कारण तारीख पुढं ढकलली होती आणि त्याबद्दल कचेरीला शिव्या देण्यात दोघांचं एकमत झालं. तो बांध अजून आहे. तंटाही आहे.

आजीच्या आठवणीत त्या काळाचा वेगळाच ऐवज होता: पैसा. घरात हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखातून आलेला रुपया म्हणजे कलदार. सात हालीला सहा कलदार, हा भाव तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. सोलापूरकडच्या पाहुण्यांनी लग्नात आहेर केला की तो कुठल्या रुपयात केला हे बायका आधी विचारत.

१७ सप्टेंबर १९४८ बद्दल मात्र आबा थोडंच बोलत. रझाकारांच्या धास्तीनं कोण कुठं लपलं ते सांगत. पोलीस 'ॲक्शन'नंतर काय काय झालं ते विचारलं की तंबाखू मळायला घेत. एकदाच, उजेडच्या यात्रेला जाताना ते आपणहून बोलले. हे गाव आमच्याच तालुक्यातलं, कागदावर हिसामाबाद, तोंडात उजेड. तिथं प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. आबा सांगत की आधी तिथं पिराचा उरूस भरायचा. ॲक्शननंतर मनं फाटली, तेव्हा जाणत्यांनी दोन्ही आळ्यांना चालेल असा एक बाबा शोधला. पाळणे तेच, रेवड्या त्याच, कुस्त्या त्याच. राज्य बदलल्यावर एखाद्या गावानं स्वतःहून केलेली इतकी शहाणी फेररचना मी तरी दुसरी पाहिलेली नाही. तिला ना आयोग लागला, ना राजपत्र.

राजपत्रातली फेररचना १ नोव्हेंबर १९५६ ला आली. हैदराबाद राज्याचे तीन भाषांनुसार तुकडे झाले आणि बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तीन तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. उरलेल्या बिदरचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. आमचे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले. मराठी मुलूख मराठीत आला, मुल्लाजींचं काम संपलं, सातबारा आपला आपल्याला वाचता येऊ लागला. हा आनंद खराच होता. पण बिदर आम्हांला जवळ आणि उस्मानाबाद चांगलंच लांब. भाषा जवळ आली आणि कचेरी दूर गेली. दरवर्षीच्या भाषणांत पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही. वडिलांना विचारा. नोकरीच्या अर्जासाठी एका दाखल्यावर एक सही हवी होती, म्हणून निलंगा, औसा करत उस्मानाबादला गेले. साहेब दौऱ्यावर. रात्र एसटी स्टँडवर काढली, दुसऱ्या दिवशी सही झाली, शिक्का राहिला. हे सांगताना ते अजूनही चिडतात.

आजीची धाकटी बहीण भालकीला दिलेली. लग्न झालं तेव्हा दोघी एकाच जिल्ह्यात होत्या. नंतर एक महाराष्ट्रात, एक कर्नाटकात. बहिणीची नातवंडं कन्नड शाळेत गेली, घरात मराठी बोलत राहिली. सीमाभागाच्या वादात बिदर, भालकीचं नाव येतं तेव्हा मला नकाशा आठवत नाही, ती मावशीआजी आठवते. लग्नकार्यात आली की ती म्हणायची, "आमाला कुनी इचारलं न्हाई, तुमाला तरी इचारलं व्हतं का?"

हे सगळं नव्यानं डोक्यात घोळायला लागलं ते जपानबद्दल वाचल्यामुळं. तिथं गेली सव्वाशेहून अधिक वर्षं उलटा प्रवास चालला आहे: गावांची गावांत भर घालून नगरं करायची. १८८८-८९ मध्ये, मेजी राजवटीत, ७१,३१४ गावांची एका वर्षात १५,८५९ झाली. शाळा चालवायची, कर गोळा करायचा, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायच्या, तर गाव तीनशे ते पाचशे घरांचं तरी हवं, असा हिशेब. १९५३ नंतर दुसरी लाट आली. आता माप होतं माध्यमिक शाळा पेलण्याचं, म्हणून किमान आठ हजार वस्ती. १९६१ पर्यंत ९,८६८ वरून संख्या ३,४७२ वर आली. तिसरी लाट १९९९ ते २०१० ची. गावं म्हातारी झालेली, तिजोरी रिकामी. विलीन झालात तर कर्ज काढा, फेडीतला सत्तर टक्के भार केंद्र उचलेल, असं आमिष. ३,२३२ ची १,७२७ झाली. फुकुशिमा प्रांतातल्या यामात्सुरी नावाच्या छोट्या गावानं मात्र २००१ मध्ये जाहीर ठरावच केला की आम्ही कुणात मिसळणार नाही. आमच्या आबांना हे गाव आवडलं असतं.

आपण नेमकं उलटं केलं. १९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १९८१ मध्ये जालना आणि सिंधुदुर्ग, ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली. १९९९ मध्ये निलंग्यातून शिरूर अनंतपाळ तालुका निघाला. आज लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. जपान्यांची कचेरी लांब जाते आणि थोडक्या माणसांत भागते, आपली जवळ येते आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. दोन्हीतलं बरं कुठलं, हे मला विचाराल तर मी जवळच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूनं आहे. तिच्यापुढं निदान ओरडता येतं आणि संध्याकाळी घरी परतता येतं.

एकत्र करण्याचे प्रयोग आपल्याकडं नाहीतच असं नाही. नांदेडला १९९७ मध्ये महापालिका झाली ती शेजारच्या वाघाळ्याला पोटात घेऊन; नावात मात्र 'नांदेड-वाघाळा' असं दोघांना शेजारी बसवलं. बोलताना वाघाळा कुणी म्हणत नाही.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते जपानमधलं यामाकोशी. डोंगरातलं, भातखाचरांचं, रंगीत कोई मासे पाळणारं गाव. २३ ऑक्टोबर २००४ ला भूकंप झाला, सगळं गाव रिकामं करावं लागलं, आणि लोक अजून तात्पुरत्या घरांत असतानाच १ एप्रिल २००५ ला गाव नागाओका शहरात विलीन झालं. पुढं बरेचसे लोक आपल्या डोंगरात परतले, पण परतले ते शहराचे नागरिक म्हणून. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. त्या रात्री आमच्याही माळवदाची माती गळली आणि आम्ही महिनाभर अंगणात झोपलो. तिथं माणसं हजारोंनी गेली, बावन्न गावं उठून नव्या जागी बसली, गल्ल्या आखीव झाल्या, शेजार बदलले. नाव आणि ग्रामपंचायत मात्र लोकांनी जुन्या जागेवरून उचलून सोबत नेली. जपान्यांना जागा परत मिळाली आणि गाव गेलं, आपल्यांची जागा गेली आणि गाव राहिलं.

शिरूरचं हल्लीचं प्रकरण त्याहून नाजूक. तालुक्याचं ठिकाण म्हणून तिथली ग्रामपंचायत जाऊन नगर पंचायत आली, सतरा प्रभाग पडले. सरपंच गेला, नगराध्यक्ष आला. ग्रामसभाही गेली, हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात आलं. शिवाय पंचायत समितीची कचेरी शिरूरमध्ये, पण तिच्या निवडणुकीत शिरूरकरांना मत नाही. ते आम्हां खेडवळांना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कचेरीवर आमचा हक्क तिच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त आहे. आबा असते तर मुद्दाम शिरूरच्या बाजारात जाऊन हे सांगून आले असते.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जो तो निजामकालीन कागद शोधू लागला, तेव्हा आमच्याही माळ्यावरची पेटी उतरली. त्यात बांधाच्या तंट्याचे कागद निघाले. तालुका निलंगा, जिल्हा बिदर. घरात कुणाला अक्षर लागेना. मुल्लाजींचा नातू लातूरला दुकान चालवतो, त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, मलाबी उर्दू येत न्हाई, मी सेमी इंग्लिशचा." शेवटी उदगीरच्या एका निवृत्त मास्तरांनी वाचून दिलं. कुणबी नोंद नव्हतीच. तारीख पुढं ढकलल्याचा हुकूम होता.

उदगीरचा विषय निघाला की आमच्या घरात हल्ली सरळ दोन तट पडतात. उदगीर जिल्हा करावा ही मागणी जुनीच. भावाचं म्हणणं, झाला तर आपण तिकडं जावं, जवळ पडेल. वडिलांचं म्हणणं, दवाखाना लातूरला, पोरांचे क्लास लातूरला, जिल्हा काय चाटायचाय? परवा जेवताना हा वाद चांगला तासभर चालला. आई भाकरी थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जिल्हा कुटलाबी करा, आधार कार्ड पुन्हा बदलाया जावं लागतंय का, तेवढं आदी सांगा."