युद्धोत्तर अमेरिका आणि भोपाळ

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचा इतिहास आपण सामान्यतः वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथे उभे राहून वाचतो. प्रस्तुत लेखात तो भोपाळहून वाचण्याचा अल्प प्रयत्न आहे. लेखकाचे वास्तव्य अरेरा कॉलोनीत आहे. हे स्थान विषयाशी असंबद्ध नाही, हे पुढे दिसून येईल.

१९४४ च्या कायद्याने अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य व घरासाठी कर्जाची हमी दिली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाऊनसारखी उपनगरे उभी राहिली, आणि १९५६ नंतर महामार्गांचे जाळे पसरले. एका पिढीच्या आत तेथील कामगारवर्गाचा मोठा भाग मध्यमवर्गात गेला. तथापि लेव्हिटाऊनमध्ये कृष्णवर्णीयांना घर विकले जात नसे. अर्थशास्त्रज्ञ गाल्ब्रेथ यांनी १९५८ साली ‘द अॅफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात खाजगी समृद्धी व सार्वजनिक दैन्य यांच्यातील विसंगती दाखविली. कोणी कोठे राहावे, या प्रश्नातच त्या समाजाची श्रेणीरचना दडलेली होती.

या समृद्धीचा एक आधारस्तंभ रासायनिक उद्योग होय. युद्धात सैनिकांना मलेरिया व टायफस यांपासून वाचविणारे डीडीटी १९४५ नंतर शेतात आले. पश्चिम व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी युद्धकाळात कृत्रिम रबरासाठी उभारलेला कारखाना युद्धानंतर युनियन कार्बाइड कंपनीकडे गेला. हे गाव प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे, आणि त्यांच्याच एका जुन्या महाविद्यालयाभोवती वसलेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच कंपनीने ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक बाजारात आणले. ते तयार करताना मिथाइल आयसोसायनेट हा अत्यंत विषारी पदार्थ वापरला जाई.

१९६० चे दशक अमेरिकेत आत्मपरीक्षणाचे ठरले. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वर्णभेदाला कायद्याचा आधार उरू दिला नाही. १९७० मध्ये पर्यावरण-संरक्षणासाठी स्वतंत्र शासकीय संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. १९७२ मध्ये डीडीटीच्या शेतीतील वापरावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. नागरिकाला सत्तेकडे व उद्योगाकडे जाब मागण्याचे बळ यातून मिळाले. परंतु हे बळ राष्ट्राच्या सीमेपाशी थांबत होते. भांडवल व तंत्रज्ञान मात्र तेथे थांबले नाही.

१९६५ व १९६६ च्या अवर्षणात भारत अमेरिकन गव्हावर अवलंबून होता. त्यातून बाहेर पडण्यासाठी स्वीकारलेल्या हरितक्रांतीला संकरित बियाण्यांबरोबर खते व कीटकनाशकेही हवी होती. १९६९ साली युनियन कार्बाइडच्या भारतीय शाखेने भोपाळ येथे कारखाना सुरू केला. १९८० मध्ये मिथाइल आयसोसायनेटचे उत्पादनही येथेच होऊ लागले. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी भागभांडवलावर सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती. प्रगत तंत्रज्ञानाच्या नावाखाली या कंपनीला सूट मिळाली आणि मूळ कंपनीकडे ५०.९ टक्के भाग राहिले.

या काळात भोपाळही बदलत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून येथे आली आणि तिच्याबरोबर अनेक मराठी कर्मचारी कुटुंबेही आली. तलावांच्या दक्षिणेस नवे शहर वाढले; अरेरा कॉलोनी ही त्यातील रुंद रस्त्यांची, बागबगीच्यांची वसाहत. कारखाना मात्र जुन्या शहराच्या उत्तरेस, दाट व गरीब वस्त्यांना लागून होता. १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या तपासणी पथकाने तेथील उणिवा नोंदविल्या होत्या. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षी हिंदीत धोक्याचा इशारा दिला. कोणी हलले नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी क्रमांक ६१० मधून सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोराही निकामी होता. वारा जुन्या शहराकडे वाहत होता. पुढे शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ वायुग्रस्त ठरले. अरेरा कॉलोनी त्यांत नव्हती. नुकसानभरपाईच्या प्रक्रियेत ५,००० हून अधिक मृत्यू व साडेपाच लाखांहून अधिक बाधित मान्य झाले. मृतांचा आकडा याहून फार मोठा असल्याचे पीडितांच्या संघटना सांगतात.

११ ऑगस्ट १९८५ रोजी इन्स्टिट्यूट येथेही वायुगळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. १९८६ मध्ये अमेरिकेने, आपल्या वस्तीजवळ कोणती घातक रसायने साठविली आहेत हे जाणण्याचा हक्क नागरिकांना देणारा कायदा केला. या कायद्यामागे भोपाळचे मृत होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कीनन यांनी भोपाळचे दावे भारतातच चालावेत असे ठरविले. १९८९ मध्ये तीन अब्ज डॉलरहून अधिकची मागणी ४७ कोटी डॉलरवर मिटविण्यात आली. ही तडजोड पुन्हा उघडण्याची भारत सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

सर्व दोष अमेरिकेच्या माथी मारून आपण मोकळे होणे योग्य नव्हे. परवाने आपल्या शासनाने दिले, आणि कारखान्यालगतच्या झोपडीवासीयांना जमिनीचे पट्टेही १९८४ मध्येच वाटले. लेव्हिटाऊनची कुंपणे आपण वेगळ्या नावांनी येथे उभारली. कोणाच्या अंगणात विष साठवावे, हा निर्णय ज्यांच्या अंगणात ते साठवले जाणार नव्हते त्यांनी घेतला.

जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेण्यात आला, तेव्हा तेथील रहिवाशांनी विरोध केला. आमच्याच दारी का, हा त्यांचा प्रश्न होता. इन्स्टिट्यूटच्या व जुन्या भोपाळच्या रहिवाशांना तो वेळीच विचारता आला नाही. भावाचा ठावठिकाणा काइनाला विचारण्यात आला तेव्हा त्याने ती जबाबदारी झटकली. अरेरा कॉलोनीत राहणाऱ्या आम्हा लोकांना ती झटकणे फार सोपे आहे, कारण त्या रात्री वारा आमच्याकडे वाहत नव्हता.