मंदिरात रोग्यांना बरे करणारा ख्रिस्त : बेंजामिन वेस्ट यांचे चित्र

वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. नानांचे निधन १८०० साली झाले. त्यांच्या हयातीत युरोपात नवअभिजातवादी चित्रशैली बहरली होती. प्राचीन ग्रीक व रोमन शिल्पांचा आदर्श, रेखीव आकृती आणि संयत भावदर्शन ही तिची लक्षणे होत. त्याच १८०० साली या शैलीतील एका विख्यात चित्राची कथा सुरू झाली. तिचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

अमेरिकेत जन्मलेले बेंजामिन वेस्ट (१७३८–१८२०) हे लंडनच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष होते. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया रुग्णालयाने त्यांच्याकडे साहाय्याची विनंती केली. वेस्ट यांनी चित्र देण्याचे वचन दिले. त्यासाठी त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रसंग (२१:१४) निवडला : आंधळे व लंगडे मंदिरात प्रभू येशूकडे आले आणि त्याने त्यांना बरे केले.

चित्र पूर्ण झाले, परंतु १८११ साली ते लंडनच्या ब्रिटिश इन्स्टिट्यूशनने तीन हजार गिनींना विकत घेतले. वेस्ट मात्र दिलेले वचन विसरले नाहीत. त्यांनी दुसरे चित्र रंगविले व ते १८१७ साली फिलाडेल्फियास पोहोचले. पाहणाऱ्यांकडून २५ सेंट प्रवेशशुल्क घेतले जाई आणि ते उत्पन्न रुग्णसेवेच्या कामी येई. अशा प्रकारे चमत्काराचे चित्रच गरीब रुग्णांच्या उपयोगी पडले.

या दुसऱ्या चित्रात वेस्ट यांनी एक महत्त्वाची भर घातली. पहिल्या चित्रात नसलेला एक भूतग्रस्त मुलगा येथे दिसतो. त्या रुग्णालयात मनोरुग्णांवरही उपचार होत असत, हे त्यामागील कारण. ज्यांना समाज दाराआड ठेवी, त्यांनाही चित्रकाराने प्रभूच्या समोर, मंदिरात स्थान दिले. हे चित्र आजही त्याच रुग्णालयात आहे.

वाईतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मराठी मिशनने रुग्णालय चालविले. रुग्णसेवा ही सुवार्तेचीच साक्ष होय, हा विचार म्हणूनच येथे परका नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केलेला जागतिक रुग्ण दिन दरवर्षी ११ फेब्रुवारीस पाळला जातो. त्या दिवशी आपल्या प्रार्थनेत शरीराने आजारी असलेल्यांबरोबर मनाने खचलेल्यांनाही जागा असावी, असे आम्हांस वाटते.