लष्करी डगला

लष्करी डगला : सैनिकी गणवेशातून नागरी वापरात आलेला, कमरेपर्यंत किंवा मांडीपर्यंत पोचणारा बाह्यांचा कपडा. जाड कापड, खांद्यावर बटणाने बसणारी पट्टी, झाकणाचे खिसे व गळ्याशी बंद होणारी कॉलर या त्याच्या ठळक खुणा. मराठीत त्याला काळाप्रमाणे डगला, कोट, बुशकोट, जर्किन, जॅकेट असे शब्द पडत गेले. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले भरवेली हे मँगनीज खाणीचे गाव आणि शेजारचा गोंदिया-भंडारा हा पट्टा पवारी, मराठी, हिंदी व गोंडी बोलणारा. येथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा ‘जर्किन काढा’ हेच शब्द घराघरांत ऐकू येतात. सैन्यातून गावापर्यंत आलेल्या या कपड्याचा प्रवास येथे मुख्यतः मराठी मुलखाच्या अनुषंगाने दिला आहे.

‘डगला’ हा शब्द मराठीत जुना. कंपनी सरकारच्या शिपायांना लोक ‘लाल डगलेवाले’ म्हणत. म्हणजे परक्या फौजेची पहिली ओळख बंदुकीवरून नव्हे, तर अंगावरच्या कपड्यावरून झाली. मराठी सैन्याचा पोशाख त्याहून अगदी वेगळा होता : बंदांनी बांधायची बाराबंदी, अंगरखा, कमरेला शेला, आणि ऐपत असेल त्याच्या अंगावर चिलखत. एकाच रंगाचा व एकाच मापाचा सरकारी कोट ही कल्पनाच त्यात नव्हती. दख्खनच्या हवेला तो पोशाख पुरेसा होता. उत्तरेच्या थंडीला नव्हता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर लढलेल्या फौजेने त्याआधी उपासमारीइतकीच कडाक्याची थंडीही सोसली होती. पानिपताच्या कारणमीमांसेत उबदार कपड्यांची वाण सहसा शेवटी येते. ती वर आणली पाहिजे असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

ब्रिटिश डगल्याचा लाल रंग १६४५ मध्ये इंग्लंडच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’त पक्का झाला. त्यामागे शौर्याची प्रतीके शोधण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या मंजिष्ठेच्याच जातीच्या झाडाच्या मुळांपासून मिळणारा तो रंग स्वस्त होता, आणि सबंध फौजेला एकसारखा पुरवता येत होता. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखाने हे लाल डगले २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या लढाईत समोरासमोर पाहिले. आजच्या बालाघाट जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा त्याच राज्यात होता. पुढे १८२१ मध्ये नागपूरजवळ कामठीची छावणी वसली, आणि छावणीबरोबर शिंपी, मोची, धोबी व जुन्या कपड्यांचे व्यापारी आले. पलटणीचा कपडा गावात उतरण्याची वाट मध्य भारतात इथून सुरू झाली.

लाल जाऊन खाकी आली ती हिंदुस्थानातच. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘गाइड्स’ पथकासाठी हॅरी लम्सडेन याने सैल, मातकट रंगाचा पोशाख घेतला. ‘खाक’ म्हणजे फारसीत माती. १८५७ च्या धामधुमीत कित्येक पलटणींनी आपले पांढरे कपडे चहाच्या पाण्यात, चिखलात, मिळेल त्या रंगात बुडवून मळखाऊ करून घेतले. मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकाम कारखान्यातही त्याच सुमारास खाकी रंगाचे कापड तयार होऊ लागले होते. १९०२ मध्ये ब्रिटिश सैन्याने मायदेशातील कामाच्या गणवेशालाही खाकी छटा स्वीकारली. हिंदुस्थानच्या धुळीतून निघालेला रंग अशा रीतीने जगभरच्या सैन्यांत गेला, आणि आपल्याकडे तो पोलीस, टपालवाले, एस. टी.चे वाहक यांच्या अंगावर स्थिरावला.

पहिल्या महायुद्धाने आजचा लष्करी डगला घडवला. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली ती सुती खाकीत. फ्रान्सचा पहिला हिवाळा तिने अपुऱ्या कपड्यांत काढला. त्याच युद्धात पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. खंदकात उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांसाठी गॅबर्डिनचा पाणी न धरणारा ‘ट्रेंच कोट’ आला. साध्या शिपायाला कातड्याचे, बिनबाह्यांचे ‘जर्किन’ मिळाले. मराठीने तो शब्द उचलला आणि त्याला बाह्या लावल्या. आज आपण ज्याला जर्किन म्हणतो त्याला बाह्या नसतील, तर दुकानदारच ‘ही बंडी आहे’ असे सांगेल.

भरवेलीच्या संदर्भात याच युद्धातील आणखी एका वस्तूची नोंद आवश्यक आहे, जरी ती डगल्याच्या वर, डोक्यावर बसणारी असली. १९१५ मध्ये आलेले ब्रिटिश सैन्याचे ‘ब्रोडी’ शिरस्त्राण सुमारे १२ टक्के मँगनीज असलेल्या पोलादाचे होते. हे पोलाद रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधले. मध्य प्रांताच्या मँगनीजला युरोपात मागणी का होती, हे यावरून समजते. येथील मँगनीज उद्योगाची सुरुवात १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीपासून झाली. १९६२ मध्ये भारत सरकार त्यात भागीदार झाले. नागपुरात मुख्यालय असलेल्या आजच्या ‘मॉइल’ची भरवेली येथील खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण मानली जाते.

दुसऱ्या महायुद्धात कोट आखूड झाला. लोकरी सर्जचा, कमरेशी पट्टीने आवळलेला ‘बॅटलड्रेस’ आधी ब्रिटिशांकडे आला. त्याच्याच धर्तीवर १९४४ मध्ये अमेरिकेने आयझेनहॉवर जॅकेट काढले. इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) व नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच काळात. ब्रह्मदेशाच्या जंगलाने खाकीच्या जागी हिरवा रंग आणला. जवानांच्या बोलीत तो ‘ओजी’ म्हणजे ऑलिव्ह ग्रीन. ढगळ, बाहेर सोडायच्या, चार खिशांच्या ‘बुश जॅकेट’पासून आपला बुशकोट आला, आणि चाळीस-पन्नास वर्षे मराठी कारकून, शिक्षक व तलाठी यांनी तो घातला.

युद्ध संपल्यावर सरकारने उरलेला माल विकायला काढला. ‘डिस्पोजलचा माल’ आणि ‘कंडम’ हे दोन शब्द तेव्हापासून मराठी बाजारात आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात, कामठीत, छावणीच्या प्रत्येक गावात असे कोट मिळत. अशा एखाद्या ग्रेटकोटचे अस्तर उलटून पाहावे : शिक्क्याची शाई उडत चाललेली असते, तरी साल व बाणाची सरकारी खूण वाचता येते. पितळी बटणे गुळगुळीत झालेली, काखेतली शिवण दोनदा घातलेली, पाठीला चालताना उघडणारी घडी. हातात घेतला की वजनच आधी जाणवते. ओला झाला तर दोन दिवस वाळत नाही. निवृत्त जवानाच्या घरी हा कोट खुंटीवर असे; रात्री पाणी द्यायला जाणारा तो घालून शेतात जाई आणि परत आल्यावर तोच अंथरुणावर टाकून झोपे. गरिबाच्या घरात शिरलेले पहिले शिवलेले लोकरी वस्त्र अनेक ठिकाणी हेच होते. लष्करी डगल्याच्या लोकप्रियतेचे मूळ चित्रपटांत शोधणाऱ्यांनी ही खुंटी विसरू नये.

१९६२ च्या ऑक्टोबरात सीमेवरील नामका चू नदीकाठी भारतीय जवान सुती गणवेशात, अपुऱ्या पांघरुणांनिशी चिनी हल्ल्याला सामोरे गेले. पानिपतानंतर दोनशे वर्षांनी तीच उणीव. देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, महाराष्ट्रातही विणले. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. आज उंचावरच्या तुकड्यांना अनेक थरांचे कपडे मिळतात. ‘कोट पारका’, ‘अंगोला शर्ट’ हे शब्द सुट्टीवर आलेल्या जवानांबरोबर गावात येतात. सैन्याचे कपडे शिवणारे शाहजहानपूर व आवडी येथील सरकारी कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’ या कंपनीखाली आहेत.

या डगल्याचे आकर्षण टिकण्याचे कारण त्याच्या शिवणीत आहे. त्यात शोभेचे म्हणून फारसे काही नाही. जे आहे ते कोणत्या तरी हालावरचा उपाय आहे. खांद्यावरची पट्टी पट्टा घसरू नये म्हणून व हुद्द्याची खूण लावता यावी म्हणून. अमेरिकेच्या १९६५ च्या ‘एम-६५’ या फील्ड जॅकेटच्या कॉलरमध्ये टोपी घडी घालून ठेवलेली असते, आणि खिसे हातमोजे घालूनही उघडता येतील एवढे मोठे. वैमानिकांच्या ‘एमए-१’ला नारिंगी अस्तर आहे, विमान पडले तर जॅकेट उलटे घालायचे, म्हणजे शोधणाऱ्याला दुरून दिसते. आज रस्त्यावर हे जॅकेट घालणाऱ्या मुलाला अस्तर नारिंगी का, हे बहुधा माहीत नसते. ते कोणीतरी त्याला सांगावे. कार्डिगन आणि रॅगलन बाही ही दोन नावेही क्रिमियाच्या युद्धातील सेनाधिकाऱ्यांची आहेत.

भरवेलीत आता येणारे जर्किन बहुतेक लुधियानाचे असते : पॉलिएस्टरचे, आत कापसासारखा भराव, बाहेर ‘आर्मी प्रिंट’ नाहीतर मेहंदी हिरवा रंग. गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडजवळ १९७२ मध्ये वसलेल्या नॉरग्येलिंग या तिबेटी वसाहतीतील विक्रेतेही हिवाळ्यात विदर्भात स्वेटर-जर्किनची दुकाने मांडतात. खोल खाणीत हवा उष्ण व दमट असते. घामाने भिजलेला माणूस पहाटे वर येतो तेव्हा बाहेरची थंडी थेट छातीला लागते. त्या दोन हवांच्या मध्ये गळ्यापर्यंत चेन ओढता येणारा, वारा अडवणारा डगला लागतो. खंदकातल्या शिपायाची गरज याहून फार वेगळी नव्हती.

मात्र लष्करी धाटणीचा डगला आणि लष्कराचा गणवेश यांत फरक आहे, आणि तो पाळला पाहिजे. भारतीय सेनेचा राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेला नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी प्रथम दिसला; त्याच्या नक्षीची सेनेच्या नावे नोंदणी झालेली असून खुल्या बाजारात तो विकता येत नाही. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुना कोट विकत घेतला आणि त्यावर पलटणीचा बिल्ला राहिलेला असला, तर घालण्याआधी तो उसवून काढावा.