आयपॉडवरील गाणी जपताना

अ‍ॅपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी सादर केलेल्या पहिल्या आयपॉडची क्षमता ५ जीबी, म्हणजे सुमारे १००० गाण्यांची होती. २०२२ मध्ये या मालिकेचा शेवट झाला. तरी जुने आयपॉड आजही वापरता येतात. त्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गाण्यांचा मूळ संग्रह संगणकावर असतो, आयपॉडवर असते ती केवळ त्याची प्रत.

आयट्यून्सचे स्वयंचलित सिंक एका वेळी एकाच संग्रहाशी होते. आयपॉड दुसऱ्या संगणकाला जोडून सिंक करण्यास संमती दिल्यास आधीची गाणी पुसली जातात. म्हणून मूळ संग्रहाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

आयपॉड गाणी लावतो ती फाइलच्या नावावरून नव्हे, तर तीत नोंदवलेल्या माहितीवरून. एकाच गायकाचे नाव दोन प्रकारे लिहिले, तर यादीत दोन गायक दिसतात. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांनी 'ग्रुपिंग' या रकान्यात रागाचे नाव लिहावे. त्याआधारे स्मार्ट प्लेलिस्टमध्ये रागवार यादी आपोआप तयार होते. विस्कळीत संग्रहात हवी ती चीज सापडत नाही. नीट नोंदवलेल्या संग्रहात ती क्षणात हाती येते.