कवीचा जासूद की पॅरिसचा शिपाई?

मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्सच्या फौजेने इराण्यांना हरवले, विजयाची वार्ता घेऊन एक जण अथेन्सपर्यंत धावला आणि ती सांगताच गतप्राण झाला, ही कथा सर्वतोमुखी आहे. पण इसवी सनापूर्वी ४९० मधल्या या लढाईची पहिली सविस्तर हकिगत लिहिणाऱ्या हिरोडोटसकडे तिचा मागमूस नाही. त्याचा फिलिप्पिडीज हा पेशाने जासूद. तो धावतो लढाईच्या आधी, आणि तेही स्पार्टाकडे कुमक मागायला. सुमारे २४० किलोमीटर तोडून तो दुसऱ्या दिवशी पोचतो आणि स्पार्टाचे लोक त्याला पौर्णिमेआधी निघता येणार नाही असे कारण सांगतात. लढाईनंतर मॅरेथॉनहून अथेन्सकडे धाव घेते ती सबंध फौज, कारण इराणी गलबते वळसा घालून शहरावर चालून येत असतात. वार्ता देऊन मरणारा वीर आपल्याला भेटतो तो पाच शतकांहून अधिक काळानंतर, प्लुटार्कच्या लेखनात. तिथेही त्याच्या नावावर एकमत नाही: कोणी थेर्सिप्पस म्हणतात, बहुतेक जण युक्लीज. पुढे दुसऱ्या शतकात लुशियनने ही धाव फिलिप्पिडीजच्या खात्यावर टाकली आणि दोन माणसांचा एक माणूस झाला.

मग आधुनिक शर्यत आली कुठून? रूढ उत्तर इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगकडे बोट दाखवते. १८७९ च्या आपल्या कवितेत त्याने स्पार्टाची धाव आणि मरणाची धाव एकाच नायकाच्या पायांत बांधली. ती लोकप्रिय झाली आणि पंधरा वर्षांनी ऑलिम्पिकच्या पुनरुज्जीवनाची चर्चा सुरू असताना शर्यतीची कल्पना निघाली, असा हा हिशेब. तो सोयीचा आहे, पण कल्पना मांडणारा माणूस कोण हे पाहिले की त्याची वीण उसवते. तो इंग्रज नव्हता आणि खेळाडूही नव्हता. मिशेल ब्रेआल हा पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समधला तौलनिक व्याकरणाचा प्राध्यापक. बर्लिनला फ्रांझ बॉपकडे संस्कृत शिकलेला, बॉपच्या व्याकरणाचा फ्रेंच अनुवाद करणारा आणि शब्दार्थांच्या अभ्यासाला ‘सेमांतिक’ हे नाव देणारा. १८९४ मध्ये त्याने ऑलिम्पिकच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या कुबेर्तांला पत्र लिहून मॅरेथॉन ते अथेन्सची प्निक्स टेकडी अशी शर्यत सुचवली आणि विजेत्यासाठी चषक देऊ केला.

या पत्रातल्या दोन गोष्टी मला निर्णायक वाटतात. ब्रेआल धावणाऱ्याचे नाव घेत नाही, त्याला ग्रीक योद्धा म्हणतो. ब्राउनिंगचा नायक नावानिशी येतो आणि पेशाने तो धावणाराच आहे. रणातून तापल्या अंगाने, शस्त्रांसकट धावत येणारा लढवय्या आहे तो प्लुटार्कचा. दुसरे असे, की कवितेतली शेवटची धाव अॅक्रोपोलिसच्या दिशेने जाते, ब्रेआलची शर्यत मात्र प्निक्सवर, म्हणजे अथेन्सच्या नागरिकांची सभा भरे त्या जागी, संपायची होती. कविता डोक्यात असती तर टेकडी का बदलावी?

यावर आक्षेप येईल की प्लुटार्क शतकानुशतके वाचला जात होता, मग शर्यत नेमकी तेव्हाच का सुचली? निमित्त ऑलिम्पिकचे होते, हे उघडच आहे. पण कथा लोकांच्या नजरेत ताजी राहायला पॅरिसला ब्राउनिंगची गरज नव्हती. ‘मॅरेथॉनचा शिपाई’ हे शिल्पकार कोर्तोचे संगमरवरी शिल्प १८३४ चे. याच विषयावरच्या चित्राला ल्युक-ओलिव्हिए मेर्सोंने १८६९ मध्ये प्री द रोम हा मानाचा पुरस्कार मिळवला. दोन्ही कलाकृती कवितेच्या आधीच्या, आणि दोन्हींच्या शीर्षकांत आहे तो निनावी शिपाई. ब्रेआलने ब्राउनिंग वाचलाच नसेल असे मी म्हणत नाही. वाचला असो वा नसो, त्याच्या पत्रातला माणूस फ्रेंच परंपरेतला आहे.

पुढचा प्रवास परिचित आहे. १८९६ मध्ये सुमारे ४० किलोमीटरची पहिली ऑलिम्पिक शर्यत स्पिरिडॉन लुईसने जिंकली. १९०८ मध्ये लंडनला दोरांदो पिएत्री अंतिम रेषेजवळ कोसळला. १९२० मध्ये अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले ४२.७५ किलोमीटर धावून एकोणिसावे आले; १९२१ मध्ये ४२.१९५ हा आकडा पक्का झाला.

कोणी म्हणेल, उगम कवितेत असो वा प्लुटार्कमध्ये, धावणाऱ्याला काय फरक पडतो? दोनशे किलोमीटरचा पडतो. १९८२ मध्ये ब्रिटिश हवाई दलातल्या जॉन फोडेन यांनी हिरोडोटसचा वृत्तान्त प्रमाण मानून सहकाऱ्यांसह अथेन्स ते स्पार्टा धावून पाहिले, आणि पुढल्याच वर्षी २४६ किलोमीटरची स्पार्टाथलॉन सुरू झाली. जासुदाच्या कथेतून शर्यत निघते ती अशी. शनिवार-रविवारी हजारोंनी धावली जाणारी शर्यत मात्र शिपायाच्या वाट्याची आहे, आणि तिच्या श्रेयावरचा ब्राउनिंगचा हक्क फार तर नावापुरता आहे.