पालघर–तारापूर परिसरातील लोकवस्ती व जुनी घरे

जुन्या घरांची नोंद करताना केवळ दगड, वीट व सागवान यांचीच साक्ष ग्राह्य मानली, तर प्रदेशातील रहिवाशांचा मोठा भाग इतिहासाबाहेर राहतो. पालघर व बोईसर–तारापूर हा परिसर याचे ठळक उदाहरण होय.

किनारपट्टीच्या प्राचीनत्वाविषयी शंका नाही. चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ (इ. स. ९२६) चा राष्ट्रकूट ताम्रपट संजाण भागाचा कारभार एका ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचे सांगतो. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. पुढे तो विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे आला. या वस्तीची साक्ष लेखांत व दगडांत टिकून आहे.

पूर्वेकडील डोंगरपट्टीतील वारली घराची गोष्ट निराळी आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप व गवताचे छप्पर अशी त्याची रचना असते. लग्नप्रसंगी याच कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. असे घर काही वर्षांनी पुन्हा उभारावे लागते. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा कूड दाखविता येत नाही. परंतु ‘कूड’ हा शब्द संस्कृत ‘कुड्य’, प्राकृत ‘कुड्ड’ या परंपरेतला आहे. भिंत नवी, पण तिचे नाव व ती बांधण्याची रीत मात्र जुनी, असा हा प्रकार आहे.

जनगणनेला हे प्राचीनत्व दिसत नाही. स्वतंत्र मुख्य प्रवेशद्वार असलेली इमारत वा तिचा भाग म्हणजे तिच्या लेखी घर. पालघर जिल्हा २०१४ मध्ये निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या क्षेत्राची लोकसंख्या २९,९०,११६ होती. तीत सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिंत कशाची, हे जनगणना विचारते. ती बांधण्याची विद्या किती पिढ्यांची, हे विचारत नाही.

१९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत् केंद्र सुरू झाले. मागोमाग औद्योगिक वसाहत आली आणि बोईसरभोवती चाळी व भाड्याच्या खोल्या वाढल्या. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलविण्यात आली. पुनर्बांधणीनेच टिकणाऱ्या घराला कारवी, जाणते हात व स्वतःची जागा ही तिन्ही लागतात. यांतील एक जरी तुटले, तरी परंपरा खंडित होते आणि तिची पडझड कोठेही दिसत नाही. म्हणून या भागातील वास्तुनोंदीत इमारतींबरोबरच बांधणीची कृती व तिची शब्दावली यांचाही समावेश होणे अगत्याचे आहे.